साखर, केस आणि कागद : ‘सुक्कर बनात’ आणि बैरुतचा युद्धोत्तर इतिहास

नादीन लबाकी यांच्या २००७ मधील पहिल्या दीर्घ चित्रपटाचे अरबी नाव ‘सुक्कर बनात’ असे आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘मुलींची साखर’. फ्रान्समध्ये आणि त्यानंतर सर्वत्र तो ‘कॅरमेल’ या नावाने गेला. साखर टिकली, मुली गळल्या. साखर, पाणी आणि लिंबाचा रस एकत्र उकळून जो दाट, सोनेरी पाक तयार होतो तो थंड करून, हातांत ताणून, त्वचेवर लावून ओढला की केस मुळासकट निघतात. पूर्व भूमध्य प्रदेशातील बायकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. इजिप्तमध्ये या पाकाला ‘हलावा’ म्हणतात. मराठीतला ‘हलवा’ त्याच अरबी धातूतून आलेला आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत हा पाक खदखदतो, ओतला जातो, ताणला जातो, आणि बायका तो चाखतातही. जिभेवर गोड आणि कातडीवर जहाल असा हा एकच पदार्थ. बहुतेक परीक्षणांनी या दुहेरीपणाचा उल्लेख केला आणि तेवढ्यावर समाधान मानले. प्रतीक इतके आयते हाती आले की समीक्षा तिथेच थांबते. नावाच्या मागे जात नाही.

मागे गेल्यास आणखी एक गोड नाव भेटते. जोसलीन साब (१९४८–२०१९) या लेबनीज दिग्दर्शिकेने १९८५ मध्ये, ऐन यादवीत, एक कथापट केला. त्याचे अरबी नाव ‘गझल अल्-बनात’. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्यामुळे हे नाव दोन प्रकारे वाचता येते. ‘गझ्ल’ म्हटले तर ‘मुलींचे सूत’, म्हणजे साखरेच्या तंतूंची ती मिठाई, जिला मराठीत ‘म्हातारीचे केस’ म्हणतात. ‘गझल’ म्हटले तर मुलींशी केलेला प्रणयालाप, आणि हा शब्द मराठी रसिकाला परका नाही. इजिप्तमध्ये अन्वर वगदी यांनी १९४९ मध्ये याच नावाचा लोकप्रिय संगीतपट केला होता. म्हणजे साब यांनी एका रम्य, गाण्यांनी भरलेल्या जुन्या चित्रपटाचे नाव उचलून ते उद्ध्वस्त बैरुतवर ठेवले. त्याच्या एका फ्रेंच शीर्षकातही साखर आहेच. दोन लेबनीज स्त्रिया, बावीस वर्षांचे अंतर, दोन्ही नावांत मुली आणि साखर. दोन्ही चित्रपट कान महोत्सवाच्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागातून जगापुढे आले. लबाकी यांनी साब यांचे स्मरण ठेवूनच नाव निवडले असे मानण्याचे कारण नाही. परंतु ऐतिहासिक समीक्षेला हेतूची साक्ष लागत नाही. दोन संहिता शेजारी ठेवल्या की कालखंडातील फरक बोलू लागतो.

साब यांच्या चित्रपटात युद्ध सर्वत्र आहे. दक्षिणेतून विस्थापित झालेली, युद्धाखेरीज दुसरे जग न पाहिलेली समर नावाची किशोरी एका जुन्या, अर्ध्या रिकाम्या वाड्यात राहणाऱ्या प्रौढ चित्रकाराला भेटते आणि त्याच्याकडे ओढली जाते. त्यांच्या भेटीगाठींच्या भोवती पडकी शहरभिंत असते. लबाकी यांच्या चित्रपटात मात्र गोळीचा एकही आवाज नाही. भिंतीवरील छिद्रांवर कॅमेरा रेंगाळत नाही, संवादात युद्धाचा विषय निघत नाही. पाच-सहा बायका, एक केशकर्तनालय, रस्ता, समोरचा कॅफे, शेजारचे शिवणकामाचे दुकान एवढ्यात सारे घडते. या अनुपस्थितीचे काय करायचे, हा चित्रपटाच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे.

पाश्चात्त्य परीक्षकांनी तिचे स्वागत केले. अखेर लेबनॉनमधून युद्धाविना चित्रपट आला, असा सुटकेचा सूर त्यांत उमटला. हे स्वागत समजण्यासारखे आहे. मारून बगदादी यांच्या ‘छोटी युद्धे’ (१९८२) पासून झियाद दुएरी यांच्या ‘पश्चिम बैरुत’ (१९९८), घस्सान सलहब यांच्या ‘भूत बैरुत’ (१९९८) आणि दानिएल अर्बिद यांच्या ‘रणांगणात’ (२००४) पर्यंत लेबनीज चित्रपट म्हटला की १९७५ ते १९९० ची यादवी हे समीकरण पक्के झाले होते. लीना खतीब यांनी लेबनीज सिनेमावरील २००८ च्या ग्रंथात या समीकरणाचीच तपासणी केली आहे. पण त्याच अनुपस्थितीवर एक गंभीर आक्षेपही घेता येतो, आणि तो सहज झटकून टाकता येत नाही. ताइफ येथे १९८९ मध्ये झालेल्या करारानंतर यादवी संपली. १९९१ मध्ये राज्याने सर्वसाधारण माफीचा कायदा केला, युद्धकाळातील बहुतेक गुन्हे पोटात घातले आणि टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या खासगी कंपनीने मध्यवर्ती बैरुत पाडून नव्याने बांधायला घेतले. विस्मरण हे राज्याचे धोरण होते. रांदा शहाल सब्बाग यांच्या ‘सुसंस्कृत माणसे’ (१९९९) या युद्धावरील उपहासपटाला अभ्यवेक्षण विभागाने इतकी कात्री लावली की चित्रपटाचा मोठा भाग उरलाच नाही. अशा देशात युद्ध वगळून केलेली रमणीय विनोदिका त्याच विस्मरणाची सेवा करते काय?

योगायोगाने इतिहासानेच हा प्रश्न लबाकी यांच्यापुढे टाकला. चित्रीकरण २००६ च्या उन्हाळ्यात संपले आणि काही दिवसांतच, १२ जुलैला, इस्राएल आणि हिजबुल्ला यांच्यातील युद्ध सुरू झाले. ते १४ ऑगस्टपर्यंत चालले आणि त्यात हजाराहून अधिक लेबनीज मारले गेले. शहर जळत असताना आपण हे काय करून बसलो, अशी अपराधी भावना आपल्याला ग्रासत होती, असे लबाकी यांनी नंतर सांगितले आहे. दिग्दर्शिकेची ग्लानी ही चरित्राची बाब आहे; तिच्यावरून चित्रपटाचा निवाडा करता येत नाही. आक्षेपाचे उत्तर मिळायचे असेल तर ते संहितेतच शोधावे लागेल. आणि संहिता काळजीपूर्वक वाचली तर असे दिसते की, युद्ध ही घटना तिने वगळली असली तरी ज्या व्यवस्थेने युद्ध शक्य केले आणि जी युद्धानंतर जशीच्या तशी उरली, ती व्यवस्था तिच्या प्रत्येक उपकथेत हजर आहे.

या वाचनाला लेबनीज साहित्यातूनच आधार मिळतो. लैला बाअलबक्की यांची ‘मी जगते’ ही कादंबरी १९५८ ची. पुढे त्यांच्या कथासंग्रहावर अश्लीलतेचा आरोप ठेवून १९६४ मध्ये बैरुतमध्ये खटला भरला गेला आणि त्यात त्या निर्दोष सुटल्या. घादा अस्-सम्मान यांची ‘बैरुत ७५’ यादवीच्या उंबरठ्यावर आली. हनान अश्-शेख यांची ‘झहराची कथा’ १९८० मध्ये. मिरियम कुक यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात या काळातील लेखिकांना ‘बैरुतच्या केंद्रत्यागी’ अशा आशयाचे नाव दिले. आघाडी, पक्ष, विजय-पराजय यांची भाषा सोडून, स्वयंपाकघर, तळघर आणि शय्यागृह यांच्यातून त्यांनी युद्ध लिहिले, हा कुक यांचा मुद्दा. अश्-शेख यांच्या कादंबरीत झहराच्या लग्नाच्या रात्री नवऱ्याला ती अक्षतयोनी नसल्याचे कळते आणि तेथून तिचे आयुष्य मोडते. पुढे यादवीतला कायदाशून्य अवकाशच तिला काही काळ देहाचे स्वातंत्र्य देतो, आणि ज्याच्याकडून ते मिळते तो गच्चीवरचा बंदूकधारीच तिचा घात करतो. कादंबरीचे दारुण उपरोधिक निदान असे की घरातली हिंसा युद्धापूर्वीची आहे. ‘सुक्कर बनात’मधील निस्रीन ही झहराची धाकटी बहीण शोभते. तिचेही लग्न ठरले आहे, तीही अक्षतयोनी नाही. फरक एवढाच की आता शांतता आहे, दवाखाने सुरू आहेत आणि टाके घालून मिळतात.

निस्रीनची उपकथा बहुतेकांनी विनोदाची जागा म्हणून पाहिली, आणि ती तशी आहेही. मैत्रिणी तिच्यासोबत दवाखान्यात जातात. नाव विचारल्यावर ती फ्रेंच बाई असल्याची बतावणी करून ‘झ्युलिया पाँपिदू’ असे नाव सांगते. फ्रान्सच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचे आडनाव कौमार्याच्या शस्त्रक्रियेसाठी उसने घेतले जाते. लेबनॉन १९२० पासून फ्रान्सच्या आधिपत्याखाली होते आणि १९४३ मध्ये स्वतंत्र झाले. आधुनिकतेची भाषा म्हणून फ्रेंच उरली. निस्रीन ज्या क्षणी आपल्या समाजातून नाहीशी होऊ पाहते त्या क्षणी ती वसाहतीच्या भाषेत शिरते. अर्थात तिथून ती परत येते ती पारंपरिक वधू होण्यासाठीच. हसू ओसरल्यावर जे उरते ते नोंदणीचे दृश्य आहे : एक खिडकी, एक प्रश्न, एक नाव आणि ते नाव खोटे.

असेच दुसरे नोंदणीचे दृश्य लयालच्या कथेत आहे, आणि साऱ्या चित्रपटाचे मर्म त्यात साठले आहे. लयाल (ही भूमिका स्वतः लबाकी यांनी केली आहे) विवाहित रबीअच्या प्रेमात आहे. त्याच्या गाडीचा भोंगा वाजला की ती हातातले काम टाकून धावते. रबीअचा चेहरा चित्रपटात कधीच नीट दिसत नाही. त्याच्या वाढदिवसासाठी तिला हॉटेलात खोली हवी आहे. ती एकामागून एक हॉटेले पालथी घालते आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न येतो : विवाहाचा पुरावा, नवऱ्याची कागदपत्रे. शेवटी जिथे कोणी काही विचारत नाही अशा एका कळकट हॉटेलात, देहविक्रयाच्या जागी, तिला खोली मिळते. ती जमीन घासते, फुगे लावते, केक ठेवते. तो येत नाही. मैत्रिणी येतात.

प्रेक्षक या प्रसंगात लयालची अवहेलना पाहतो. बैरुतच्या प्रेक्षकाला मात्र ‘कागदपत्रे दाखवा’ या मागणीचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. यादवीच्या काळात लेबनीज ओळखपत्रावर धार्मिक पंथाची नोंद असे, आणि नाक्यावर ते पत्र दाखवणे म्हणजे जगणे किंवा मरणे ठरे. ६ डिसेंबर १९७५ च्या ‘काळ्या शनिवारी’ ओळखपत्रे तपासून रस्त्यावर माणसे मारली गेली, आणि पुढे हा प्रकार दोन्ही बाजूंनी चालला. युद्धानंतरच्या नव्या ओळखपत्रांतून पंथाची नोंद वगळली गेली. नागरी नोंदवहीत मात्र ती राहिली. तेथूनही ती पुसून घेण्याची मुभा नागरिकाला मिळाली ती २००९ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर दोन वर्षांनी. तिने घाटातली साम्ये चुकत नाहीत. नाक्यावरचा बंदूकधारी आणि हॉटेलातला कारकून एकच प्रश्न विचारतात : तू कोणाची? पुरुषाला हा प्रश्न युद्धात विचारला गेला. स्त्रीला तो युद्धातही आणि शांततेतही, किंबहुना शांततेत अधिक सभ्यपणे, विचारला जातो.

हा केवळ रूपकाचा खेळ नाही, त्याला कायद्याचा पाया आहे. १९२६ च्या संविधानाच्या नवव्या कलमाने व्यक्तिगत बाबींचा अधिकार धर्मसमुदायांकडे सोपवला. १९३६ मध्ये फ्रेंच अमदानीतल्या हुकमाने या समुदायांना औपचारिक मान्यता दिली. आज अठरा पंथ मान्य आहेत आणि विवाह, घटस्फोट, मुलांचा ताबा यांबाबत पंधरा वेगवेगळे कायदे लागू आहेत. देशांतर्गत नागरी विवाहाची कायदेशीर तरतूद नाही. म्हणून भिन्न पंथांची जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परदेशातला तो विवाह लेबनीज राज्य निमूटपणे नोंदवून घेते. (भारतात व्यक्तिगत कायद्यांच्या बाहेर पडण्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा ही एक अरुंद का होईना वाट आहे, तेथे तेवढीही नाही.) राष्ट्राध्यक्ष इलियास हरावी यांनी १९९८ मध्ये ऐच्छिक नागरी विवाहाचे विधेयक मांडले. मंत्रिमंडळाने ते मंजूर केले, पण सर्व पंथांच्या धर्मगुरूंनी, एरवी न दिसणाऱ्या एकजुटीने, विरोध केला आणि पंतप्रधान रफीक हरीरी यांनी ते संसदेकडे जाऊ दिले नाही. पंधरा वर्षे परस्परांना मारणारे समुदाय ज्या एका गोष्टीवर एकमत झाले ती म्हणजे स्त्री-पुरुषांचे लग्न कोणी लावायचे. चित्रपटाच्या काळातल्या दंडसंहितेत व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षे कैद होती. पतीला एक महिना ते एक वर्ष, आणि तीही गुन्हा वैवाहिक घरात घडला किंवा त्याने उघडपणे रखेल ठेवली तरच. लयालला खोली का हवी आहे आणि रबीअ निर्धास्त का आहे, हे या कलमांवरून अधिक स्वच्छ कळते.

या पार्श्वभूमीवर केशकर्तनालयातला एक मौनसंकेत अर्थपूर्ण होतो. लयाल ख्रिस्ती, निस्रीन मुसलमान. पण तिथे पंथाचा विषय कधीच निघत नाही. चित्रपट बेरजा मांडून ‘पाहा, कसे मिळून राहतात’ असे दाखवत नाही. राष्ट्रीय एकात्मतेच्या जाहिरातींची जी दुर्गती आपल्या ओळखीची आहे, ती टळते ती यामुळेच. दाराबाहेर ‘सी बेल’ या फ्रेंच नावाच्या पाटीतले ‘बी’ हे अक्षर निखळून लोंबकळते आहे. आत वीज जाते, पाक उकळतो, गिऱ्हाईक ओरडते. येथे जमलेल्या बायकांना एकत्र आणणारी गोष्ट विचारसरणी नाही, देहाची निगा आहे. आणि देहाची ही निगा पुन्हा त्याच व्यवस्थेसाठी आहे, जी त्यांना पारखते. स्त्रियांचा स्वतंत्र अवकाश म्हणून या जागेचे गौरवीकरण करणाऱ्या स्त्रीवादी वाचनाने हा पेच दडपू नये. पुरुषाच्या नजरेसाठी केस काढण्याचा कारखाना आणि पुरुषाच्या नजरेपासूनचा आडोसा, ही दोन्ही कामे एकाच छताखाली चालतात.

नजरेचा हा प्रश्न लबाकी यांनी एका दृश्यात अतिशय हुशारीने सोडवला आहे. वाहतूक पोलीस युसूफचे लयालवर प्रेम आहे. ते व्यक्त करण्याचा त्याला सापडलेला मार्ग म्हणजे तिच्या गाडीवर दंडाच्या पावत्या लावणे. समोरच्या कॅफेत बसून तो काचेआडची लयाल पाहतो. ती फोनवर रबीअशी बोलत असते. आवाज पोहोचत नाही, फक्त ओठ आणि हातवारे दिसतात. युसूफ तिच्या प्रत्येक हावभावाला हळू आवाजात उत्तर देऊ लागतो, जणू दुसऱ्या टोकाला तोच आहे. लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी जी विभागणी मांडली, तिची येथे सारी सामग्री आहे : काच, अंतर, नकळत पाहणे. तरीही सत्ता त्याच्याकडे जात नाही. पाहणे त्याला काहीही मिळवून देत नाही. तो स्वतःचेच संवाद लिहिणारा एकाकी प्रेक्षक ठरतो. पुढे तो त्या खुर्चीवर येऊन बसतो, बायका त्याच्या भुवया कोरतात, मिशी उतरवतात, आणि गणवेशातल्या पुरुषाचा चेहरा उघडा पडतो. हेही विसरता कामा नये की रस्त्यावरचा पोलीस दर वेळी असा भाबडा नसतो. रात्री गाडीत नुसते बोलत बसलेल्या निस्रीन आणि तिच्या वाग्दत्त वराला हटकणारा पोलीस त्याच खात्याचा आहे, आणि तो प्रसंग चौकीवर संपतो. लग्न ठरलेल्या जोडप्याकडेही लग्नाचा कागद नाही, म्हणून.

मैत्री हा या चित्रपटाचा विषय म्हणून सांगितला जातो. मैत्रीचे चित्रण उबदार आहे यात शंका नाही; परंतु भगिनीभाव किती टोकदार असू शकतो हे दिसते ते मैत्रिणींच्या बाहेर, लयाल आणि रबीअची पत्नी क्रिस्तीन यांच्या भेटीत. लयाल तिच्या घरी सौंदर्यसेविका म्हणून जाते आणि तिच्या पायांवर तोच पाक लावून ओढते, गरजेपेक्षा जोरात. क्रिस्तीन कळवळते. लयालने ज्या घराची कल्पना केली असेल ते घर, ती बाई, तिचे मूल समोर आहे. स्पर्धक स्त्रीला दुखवण्याची मुभा देणारे आणि त्याच वेळी तिच्या कातडीला हात लावायला लावणारे दुसरे कोणते काम असेल? येथे साखर खऱ्या अर्थाने कथेत विरघळते. फ्रान्समध्ये तोनी मार्शल यांच्या ‘व्हीनस सौंदर्यालय’ (१९९९) या चित्रपटाशी ‘सुक्कर बनात’ची तुलना झाली. ती स्थळापुरतीच खरी आहे, कारण मार्शल यांच्या नायिकेला कोणी कागद विचारत नाही.

जमालच्या कथेत लबाकी स्वतःच्याच व्यवसायाकडे वळतात. जमाल ही उतरत्या वयाची नटी जाहिरातींच्या निवडचाचण्यांना जाते, नाकारली जाते आणि मासिक पाळी अद्याप चालू असल्याचा बनाव मैत्रिणींसमोरही करते. कपड्यावरचा लाल डाग तिने स्वतः पाडलेला असतो. ज्या दृश्यउद्योगाने तिला मोडीत काढले त्याच उद्योगात दिग्दर्शिकेने नाव कमावले होते : जाहिराती आणि अरबी पॉपगीतांच्या चित्रफिती, विशेषतः २००३ मधील नॅन्सी अज्रमची बहुचर्चित चित्रफीत. युद्धोत्तर बैरुत अरब जगाची सौंदर्यपेठ झाले होते. २००७ मध्येच तिथल्या एका बँकेने सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी कर्ज देणे सुरू केले. पडक्या इमारती आणि उतरते चेहरे दोन्ही उधारीवर दुरुस्त होत होते. या उद्योगाची चिकित्सा चित्रपटात आहे, पण अर्धीच. उबदार पिवळसर प्रकाश, खालेद मुझन्नर यांचे लाघवी संगीत, प्रत्येक चौकटीचा गोडवा ही चित्रभाषा त्याच जाहिरातींतून आलेली आहे. जमालच्या चेहऱ्यावर कॅमेरा निर्दय होऊ शकतो. लयालच्या चेहऱ्यावर तो कधीच होत नाही.

रीमाविषयी चित्रपट फार थोडे बोलतो आणि त्या अल्पभाषणातच त्याची ताकद आहे. तिला स्त्रियांचे आकर्षण आहे. हा शब्द कोणी उच्चारत नाही. दंडसंहितेच्या ५३४ व्या कलमाने ‘निसर्गविरुद्ध’ संबंधांना एक वर्षापर्यंत कैद सांगितलेली आहे. सिहाम ही लांबसडक केसांची गिऱ्हाईक केवळ केस धुऊन घ्यायला वारंवार येते, आणि पाणी, फेस, बोटे यांपलीकडे काही घडत नाही. शेवटी सिहाम ते केस कापून घेते आणि रस्त्यातल्या काचेत स्वतःला पाहून हसते. ‘म्हातारीचे केस’ आणि ‘मुलींचे सूत’ यांच्या मधला हा एक क्षण कोणाच्याही मालकीचा नाही.

आता उणे बाजू. या बैरुतमध्ये पॅलेस्टिनी छावण्या नाहीत, शहराची शिया दक्षिण उपनगरे नाहीत. लेबनीज मध्यमवर्गीय घरांतून राबणाऱ्या आशियाई आणि आफ्रिकी मोलकरणींनाही येथे जागा नाही. ही दालने बंद ठेवूनच ‘सी बेल’चा मनोरम समाज उभा राहतो. त्याच २००७ मध्ये आलेल्या फिलिप अराकतिंजी यांच्या ‘बाँबखाली’ या चित्रपटात, २००६ च्या युद्धाच्या खऱ्या भग्नावशेषांतून मुलाच्या शोधात हिंडणारी शिया आई आहे. ती आणि लयाल एका देशात राहतात हे दोन चित्रपट वेगवेगळे पाहणाऱ्याला कळणारही नाही. विस्मरणाचा आक्षेप येथे, वर्गाच्या आणि प्रदेशाच्या रेषेवर, टिकतो. युद्धाच्या रेषेवर तो टिकत नाही. लबाकी यांनी पुढे ‘आता कुठे जायचे?’ (२०११) मध्ये पंथीय हिंसा आणि ‘कफरनाहुम’ (२०१८) मध्ये कागदपत्रे नसलेले मूल व परदेशी मोलकरीण यांच्याकडे मोर्चा वळवला, तो बहुधा ही उणीव ओळखूनच. कलेच्या दृष्टीने मात्र पुढचे चित्रपट अधिक मोठ्याने बोलतात आणि कमी ऐकू येतात. कायदाही मधल्या काळात थोडा हलला : ‘अब्रू’च्या नावे केलेल्या खुनाला सौम्य शिक्षा देणारे कलम २०११ मध्ये गेले, बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केल्यास त्याची सुटका करणारे कलम २०१७ मध्ये. पंधरा व्यक्तिगत कायदे जिथल्या तिथे आहेत.

शेजारच्या दुकानातली रोझ शिवणकाम करते. साठी उलटलेली ही बाई आपल्या वेडसर थोरल्या बहिणीला, लिलीला, सांभाळते. शार्ल हे वृद्ध, सभ्य गिऱ्हाईक विजारी आखूड करून घेण्याच्या निमित्ताने येत राहते. एकदा रोझ त्याच्या भेटीला जाण्यासाठी केस रंगवते, चेहरा रंगवते. आतल्या खोलीत कोंडलेली लिली दार बडवत असते. रोझ आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसते आणि जात नाही. या दृश्यात एकही शब्द नाही आणि विनोदाचा मागमूस नाही.

लिली रस्त्यावरचे कागद वेचते. गाड्यांच्या काचांवर युसूफने लावलेल्या दंडाच्या पावत्याही ती काढून घेते आणि कोणाची तरी पत्रे असावीत तशी जपून ठेवते. ज्या शहरात कागद म्हणजे पुरावा, परवाना, पंथ आणि शिक्षा, तिथे या एकाच व्यक्तीसाठी तो निरोप आहे. चित्रपट संपतो तेव्हा श्रेयनामावलीवर दोघी म्हाताऱ्या बहिणी वर्दळीच्या रस्त्याने दूर जाताना दिसतात. लिली मध्येच थांबते, वाकते, कागद उचलते, रोझ तिला हाताला धरून पुढे नेते. पडद्यावर अर्पणपत्रिका येते : ‘माझ्या बैरुतला’. १९८२ च्या वेढ्यात स्वतःचे दीडशे वर्षांचे घर जळालेले पाहिल्यावर जोसलीन साब यांनी जो माहितीपट केला त्याचे नाव होते ‘बैरुत, माझे शहर’.